पुरस्काराचा अर्ज भरता भरता सल्ल्याचा व्यवसाय सुधारतो का?

नोंदवही (धागाकर्ता)
आमची सहा जणांची आर्थिक सल्ल्याची कंपनी. यंदा आमच्या क्षेत्रातल्या एका पुरस्कारासाठी अर्ज करतोय. अर्जात एक प्रश्न होता: दिलेला सल्ला त्या ग्राहकाला योग्यच होता, हे कशावरून म्हणता?

उत्तर लिहायचं म्हणून वीस फायली काढल्या. अकरांत 'काय घ्या' होतं, 'का घ्या' कुठेच नव्हतं. एका बाईंचे यजमान जाऊन वर्ष झालं होतं, तरी आराखडा दोघांच्या निवृत्तीचाच चालू. ती फाईल मी स्वतः सांभाळत होतो. त्या रात्री झोप लागली नाही.

आता प्रत्येक सल्ल्यासोबत कारणांचं एक पान जातं. कोणता पर्याय का सोडला, तेही त्यात असतं. आढावा ठरल्या तारखेची वाट बघत नाही. घरात मृत्यू, मूल, नोकरी जाणं असं काही कळलं की आठवड्याभरात बसतो. हा अर्ज भरला नसता तर हे झालं नसतं, म्हणून प्रत्येक सल्लागाराने एकदा तरी स्पर्धेत उतरावं असं माझं ठाम मत आहे.

जुना सल्लागार
फायली सुधारल्यात हे उत्तम केलंत. पण त्याचं श्रेय पुरस्काराला कशाला? वीस फायली काढून बघायला परीक्षक लागत नाही.

ह्यूस्टनची वॉलेस ही पाइप-व्हॉल्व्हची वितरक कंपनी. 1990 साली तिला अमेरिकेचा बाल्ड्रिज गुणवत्ता पुरस्कार मिळाला आणि 1992 मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. आजार एकट्या पुरस्काराचा नव्हता, बाजारही मंद होता. पण गुणवत्तेवरचा खर्च वाढत गेला आणि तो ग्राहकांकडून वसूल होईना, हेही खरंच.

आपल्या धंद्यात तर धोका जास्त. परीक्षकाला दिसतं ते कागदावरचं. बाजार पडल्यावर घाबरलेल्या माणसाला तासभर फोनवर धीर देऊन विक्रीपासून थांबवलं, त्याला अर्जात रकानाच नसतो. हळूहळू माणसं रकाना असलेलंच काम करू लागतात. मी हे जवळून पाहिलंय. पूर्वी जिथे होतो तिथे अर्जाच्या दोन महिन्यांत सगळ्यात हुशार सहकारी सादरीकरणं करत बसले होते आणि ग्राहकांचे फोन नवखी मुलं घेत होती.

आकडेमोड
दोघेही 'पुरस्कार' हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरताय. बाल्ड्रिजमध्ये अनेक वर्षं 1000 गुणांची मोजणी असायची आणि जिंको वा हरो, प्रत्येक अर्जदाराला परीक्षकांचा लेखी अभिप्राय मिळायचा. दुसरीकडे प्रवेश फी भरा, मतं गोळा करा, मानचिन्ह घेऊन जा, अशाही स्पर्धा आहेत. त्यातून काय सुधारणार?

पुरावा म्हणाल तर हेंड्रिक्स आणि सिंघल यांचा 1997 चा अभ्यास पाहा. गुणवत्ता पुरस्कार मिळवलेल्या कंपन्यांची कामगिरी तुलनेच्या कंपन्यांपेक्षा सरस निघाली. मात्र त्यात पुरस्कार हे चांगल्या कामाची खूण म्हणून वापरलेत. पुरस्कारामुळे काम सुधारलं, असा अर्थ त्यातून काढू नये.

फक्त ग्राहक
मी सल्ला घेणारा. मला एवढंच हवंय की माझी फी टक्क्यांत नको, रकमेत सांगा. 7 टक्क्यांनी 30 वर्षांत 100 चे साधारण 761 होतात, 6 टक्क्यांनी 574. तो 'फक्त एक टक्का' माझा जवळपास चौथा हिस्सा नेतो. हे मला कुठल्याही सल्लागाराने आपणहून दाखवलं नाही. ज्या पुरस्काराचे परीक्षक हे विचारतील, तो मी मानेन.

नोंदवही
@फक्त ग्राहक, फी रकमेत दाखवणं आमच्याकडेही नाही. पुढच्या आढाव्यापासून सुरू करतो, अर्जात रकाना असो वा नसो.

@जुना सल्लागार, फोनचं म्हणणं मान्य. अर्जाचं काम आता मी एकटाच करणार, तेही ग्राहकांच्या वेळेबाहेर. पण 'परीक्षक लागत नाही' हे पटत नाही. फायली नऊ वर्षं त्याच कपाटात होत्या आणि मी उघडल्या नव्हत्या. परका माणूस बघणार म्हटल्यावर उघडल्या. मला हे कमीपणाचं वाटतं, पण झालं तसंच.

जुना सल्लागार
हे प्रांजळपणे लिहिलंत, म्हणून एक मागतो. निकाल लागल्यावर सहा महिन्यांनी पुन्हा वीस फायली काढा. त्याच नकोत, त्या तर दुरुस्त झाल्यात. दुसऱ्या वीस, चिठ्ठ्या टाकून. कितींत 'का' सापडतं ते इथेच लिहा. तो आकडा चांगला निघाला तर मी माझं मत बदलेन.

नोंदवही
कबूल. चिठ्ठ्या मी नाही, आमच्या हिशेबनीस बाई काढतील.