मदत हवी आहे: राईट फ्लायर (१९०३), १/३९ – पंख, साखळ्या आणि तारा नव्याने करायच्या आहेत

पत्र्याचा_पक्षी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

राईट बंधूंच्या १९०३ च्या फ्लायरचा १/३९ मापाचा प्लॅस्टिक किट जोडायला घेतला आहे. साचा जुना आहे. खोक्यातलं जसंच्या तसं जोडलं तर विमान ओळखू येतं, पण जत्रेतल्या खेळण्याची कळा काही जात नाही. म्हणून तीन गोष्टी बाजूला ठेवून स्वतः करायचं ठरवलं आहे: दोन्ही पंख, प्रोपेलर फिरवणाऱ्या साखळ्या आणि तारांचं जाळं. थ्रीडी प्रिंट सुचवू नका, हातानेच करायचं आहे.

पंखांनीच जास्त छळलंय. खऱ्या विमानाचा पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ४० फूट ४ इंच, म्हणजे आपल्या मापात साधारण ३१५ मिमी. पुढून मागे रुंदी साडेसहा फूट, म्हणजे ५१ मिमी धरा. किटचा पंख मागच्या कडेलासुद्धा मिलिमीटरभर जाड आहे. त्याला ३९ ने गुणलं की खऱ्या विमानावर दीड इंच! राईटांचा पंख म्हणजे अ‍ॅश लाकडाच्या दोन पातळ पट्ट्या, त्यांच्यामध्ये ठोकळे, आणि अशा फासळ्यांवर चढवलेली कोरी मलमल. कापडावर रंगही नाही, डोपही (कापड ताठ करणारा लेप) नाही. उजेडासमोर धरल्यावर आतल्या फासळ्यांची सावली दिसायला हवी. किटवाल्यांनी त्या जागी फुगीर पट्ट्या देऊन काम उरकलंय.

मला दोन रस्ते दिसतात. एक, ०.२५ मिमीच्या प्लॅस्टिक शीटचे दोन थर, मध्ये फासळ्यांसाठी बारीक पट्ट्या. दुसरा, लाकडाचा खरा सांगाडा करून त्यावर टिश्यू (पातळ कागद). दुसरा जास्त आवडतो, पण मी ठाण्यात राहतो. पावसाळ्यात आमच्याकडे पापडसुद्धा कडक राहत नाही, तिथे टिश्यूचं काय होईल?

साखळ्यांचं असं की, किटमध्ये साखळी आणि तिच्याभोवतीची नळी मिळून एकच दांडका ओतला आहे. तारांबद्दल किटचा कागद म्हणतो की प्रत्येक कप्प्यात (दोन खांबांमधल्या जागेत) तारांची फुली मारा. फोटो बघून मला ते पटत नाही. १७ डिसेंबरचा तो प्रसिद्ध फोटो विमानाच्या मागच्या बाजूने घेतलेला आहे, पण त्यात बारीक तारा नीट लागत नाहीत.

जाणकारांनी वाट दाखवावी. घाई नाही.

---

कानसवाला

शीटचाच रस्ता धरा. या मापात सांगाडा करायचा म्हणजे फासळी अर्ध्या मिमीच्या आत आणावी लागते, आणि तसल्या एकसारख्या फासळ्या दोन्ही पंखांना पुरतील इतक्या कापायच्या. होतं, पण जीव जातो.

कमानीचं गणित सोपं आहे. १९०३ च्या पंखाची कमान रुंदीच्या विसाव्या भागाइतकी उंच. ५१ मिमीला अडीच मिमी. वर्तुळाचा तुकडा धरला तर त्रिज्या येते १२७ मिमी, म्हणजे व्यास १० इंच. घरात १० इंची पातेलं असेलच. तरी ९ इंची घ्या, कारण शीट गार झाल्यावर थोडी उलगडते. शीट बाहेरून सेलोटेपने घट्ट बांधा, वरून उकळतं पाणी ओता, मग थंड. पंखाचा माथा बरोबर मध्ये नसून पुढच्या कडेकडे आहे, तेवढा फरक नंतर अंगठ्याने दाबून आणा.

खालची शीट वळवून झाली की तिच्यावर फासळ्यांच्या जागी ताणलेल्या स्प्रूचे (किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचे, गरम करून ओढलेले) धागे चिकटवा, मग वरची शीट पातळ सॉल्व्हंटने बसवा. शेवटी बारीक पॉलिश पेपरने वरून घासा. फासळी नखाला जेमतेम लागली पाहिजे, डोळ्यांत खुपता कामा नये. मागच्या कडेला मात्र धागा पोचू देऊ नका, कड तिथेच जाड होते.

---

गच्चीवरची_घार

कानसवाला यांच्याशी असहमत. शीटवर कितीही चांगला रंग मारा, उजेड आरपार जाणार नाही, आणि याच विमानाला ते चालत नाही. पुढच्या काळातल्या विमानांवर डोप असतो, रंग असतो, तिथे प्लॅस्टिक खपून जातं. इथे नुसतं कापड आहे.

मी उडणारी मॉडेल्स करतो, त्यामुळे टिश्यूशी रोजचा संबंध. पावसाळ्याची भीती टिश्यूला उघडं ठेवलं तरच. टिश्यू चढवा, पाण्याचा फवारा मारून वाळू द्या (ताण आपोआप येतो), मग पातळ केलेल्या मॅट अ‍ॅक्रिलिक वार्निशचे दोन हात. दोन्ही बाजूंनी. एकाच बाजूला मारलंत तर पंख पिळवटतो. वाळेपर्यंत सपाट पाटावर टाचण्यांनी धरून ठेवा, पाटावर कमानीचा आकार आधीच करून घ्या. फासळ्यांसाठी बांबू वापरा. उदबत्तीची काडी उभी चिरत गेलं की हव्या त्या जाडीची पट्टी निघते, आणि ती वाफेवर छान वळते.

एक बारकावा. राईटांनी मलमल तिरकी कापून चढवली होती, कापडाचे धागे फासळ्यांना ४५ अंशांत. त्यामुळे कापडच पंखाला तिरका ताण देत होतं. जोड दाखवणार असाल तर तिरके दाखवा. मॉडेलवाले हमखास सरळ दाखवतात.

---

अनुस्वार

पंख नव्याने करताच आहात तर कापण्याआधी हे बघा: दोन्ही बाजू सारख्या नाहीत. इंजिन मध्यरेषेच्या उजवीकडे, वैमानिक डावीकडे, आणि इंजिन त्याच्यापेक्षा जड. ते वजन उचलायला उजवा पंख सुमारे ४ इंचांनी लांब ठेवला होता. तुमच्या मापात २.६ मिमी. किटमध्ये बहुधा दोन्ही बाजू सारख्याच असतील, मोजून पाहा. शिवाय पंखांची टोकं मध्यापेक्षा खाली झुकलेली आहेत. डोळ्यांना सवय वर उचललेल्या टोकांची असते, त्यामुळे बरोबर केलंत तरी बघणारे चूक काढणार. तयारी ठेवा.

---

बोरूबहाद्दर

एक भाबडा प्रश्न. २.६ मिमी कोणाला दिसणार आहे हो?

पत्र्याचा_पक्षी

मला. :)

---

तंगूसवाली

तारांबद्दल तुमचा संशय बरोबर आहे. किटचा कागद केराच्या टोपलीत टाका.

या विमानाला एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपा) नाहीत. पंखच पिळून तोल सांभाळायचा, त्याला विंग वॉर्पिंग म्हणतात. आता प्रत्येक कप्प्यात घट्ट फुली असेल तर पंख पिळणार कसा? म्हणून पुढच्या खांबांची रांग टोकापर्यंत पक्क्या फुल्यांनी बांधलेली आहे, पण मागच्या रांगेत फक्त मधला भाग पक्का. टोकांकडच्या मागच्या कप्प्यांत पक्की फुली नाही. तिथे वॉर्पिंगच्या तारा आहेत. त्या कप्प्यांवरून (चाकाची कप्पी म्हणतेय, खांबांमधला कप्पा नव्हे) खालच्या पंखाकडे येतात. वैमानिक तिथे पालथा झोपतो आणि त्याची कंबर एका सरकत्या पाळण्यात असते. कंबर डावी-उजवीकडे सरकवली की तारा ओढल्या जातात. मागचं जोड-सुकाणूही त्याच पाळण्याला बांधलेलं आहे. एवढं डोक्यात ठेवून फोटो पुन्हा बघा, तारा आपोआप उलगडत जातील.

सामानाचं म्हणाल तर मासेमारीची तंगूस सगळ्यात पातळ ०.१ मिमीच्या आसपास मिळते. एका टोकाला चिकटवायची, दुसरं टोक हलक्या हाताने ओढून चिकटवायचं, आणि मग उदबत्तीचा निखारा दोन-तीन मिमी लांबून फिरवायचा. नायलॉन आक्रसतं आणि तार ताठ होते. निखारा लागला तर तुटते, म्हणून आधी टाकाऊ चौकटीवर सराव करा. सुती दोरा अजिबात नको. त्याचे तंतू दिसतात आणि हवेप्रमाणे सैल-घट्ट होतो.

तुम्ही टिश्यूचा पंख केलात तर मात्र तंगूससुद्धा नको. बांबूचा सांगाडा तिच्या ताणाने वाकेल. तिथे तांब्याची तार. जुन्या रिलेत किंवा छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ४२–४४ गेजची मिळते, म्हणजे ०.१ ते ०.०८ मिमी. दोन पकडींत धरून किंचित ताणली की बाणासारखी सरळ होते. मापाने कापून नुसती ठेवायची, टोकाला गोंदाचा ठिपका. ताण शून्य.

---

पत्र्याचा_पक्षी

ताई, दंडवत घ्या. ‘पंख पिळणार कसा?’ हा प्रश्न किटवाल्यांना कोणीतरी विचारायला हवा होता.

मी टिश्यूकडे झुकतोय, तांब्याच्या तारेसह. घार, पाटाची युक्ती करून बघतो. आता साखळ्यांवर बोला कोणीतरी!

---

घड्याळजी_धाकटे

साखळ्या माझ्याकडे.

इंजिन चार सिलिंडरचं, आडवं, साधारण १२ अश्वशक्तीचं. त्याच्या दांड्यावर ८ दात्यांची चक्रं आणि प्रोपेलरच्या दांड्यांवर २३ दात्यांची. म्हणून इंजिन हजाराच्या वर फेरे घेत असताना प्रोपेलर ३५० च्या आसपास फिरायचे. तुम्हाला यातून एवढंच घ्यायचं की पुढचं चक्र अगदी लहान, मागचं जवळजवळ तिप्पट. किटमध्ये दोन्ही एकाच मापाची असली तर तिथेच गडबड.

साखळीसाठी दोन बारीक तांब्याच्या तारा एकत्र पिळा. पीळ सारखा यायला एक टोक हाताच्या ड्रिलमध्ये अडकवा. मग काचेवर ठेवून वरून स्टीलची पट्टी दाबत फिरवा. चपटी झाली की दुवे असल्याचा भास होतो, आणि १/३९ ला भास पुरे. काळा रंग, त्यावर किंचित ग्रॅफाइट. नळ्यांसाठी इंजेक्शनची सुई तासून घ्या. केमिस्टकडून नवी आणा, वापरलेली नको. साखळी पूर्ण लांबीभर नळीत नाही, चक्रांपाशी उघडी आहे. तेवढाच भाग करावा लागतो, म्हणजे काम निम्मं.

एका बाजूची साखळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी ओलांडलेली आहे, त्यामुळे दोन्ही प्रोपेलर उलटसुलट फिरतात. म्हणजेच ते एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब हवेत. साडेआठ फुटांचे, तुमच्याकडे ६६ मिमी. किटमध्ये दोन्ही एकाच पिळाचे निघाले तर आइसक्रीमची काडी पातळ तासून, भिजवून, एक उजवीकडे आणि एक डावीकडे पिळून वाळवा. टोकांवर राईटांनी कापड चिकटवलं होतं, तिथे टिश्यूचा तुकडा लावा.

---

अनुस्वार

संग्रहालयातले फोटो वापरताना जपून. १७ डिसेंबर १९०३ ला चौथ्या उड्डाणानंतर वाऱ्याने विमान उलथवलं आणि बरंच मोडलं. इंजिनाची पेटीही फुटली. क्रँकशाफ्ट आणि फ्लायव्हील १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला दिले ते परत आलेच नाहीत. कापड ऑर्व्हिलने १९२७ मध्ये बदललं, स्मिथसोनियनने १९८५ मध्ये पुन्हा. १९२८ ते ४८ हे विमान लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये होतं. परत पाठवण्याआधी तिथल्या लोकांनी त्याचे नकाशे काढले. मांडणीसाठी ते उपयोगी. पण इंजिनाचा बारकावा करायचा तर १९०३ च्या फोटोंशी ताडून बघा.

---

पत्र्याचा_पक्षी

प्रोपेलर मोजले. दोन्ही एकाच पिळाचे आहेत. आइसक्रीम आणायला मुलीला पाठवलंय, ती खूश आहे.

पंखही मोजले, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या. एक शंका राहिली: घार, बांबूच्या फासळीला टिश्यू कशाने चिकटवता? फेव्हिकॉल पातळ करून की वार्निशनेच?

---

गच्चीवरची_घार

पुढच्या आणि मागच्या कडेला फेव्हिकॉल, निम्मं पाणी घालून. मधल्या फासळ्यांना काही लावू नका, फवाऱ्यानंतर टिश्यू स्वतःच बसतो. खालची बाजू पोकळ कमानीची आहे, फक्त तिथे प्रत्येक फासळीला वार्निशची रेघ ओढा. नाहीतर टिश्यू ताणला की कमान सोडून सरळ होईल. खालची बाजू आधी करा.