संसदेत प्रश्न विचारल्याने हायवेचं काम पुढे सरकतं का?

लांजेकर_मु_पो_डोंबिवली

मंडळी, एक बाळबोध शंका आहे, जाणकारांनी उजेड पाडावा. दर अधिवेशनात आमच्याकडे बातमी येते की अमुक खासदारांनी मुंबई-गोवा हायवेवर लोकसभेत आवाज उठवला, सोबत उभं राहून बोलतानाचा फोटो, आणि मग तीच क्लिप व्हॉट्सअॅपवर सगळ्या ग्रुपवर फिरते. या वेळी म्हटलं सरकारने उत्तर काय दिलंय ते तरी बघू, तर संसदेच्या साइटवर पीडीएफ सापडली. वर प्रश्नाचे (क), (ख), (ग), (घ) असे तुकडे, खाली एकच ओळ, (क) ते (घ) निवेदन सभागृहाच्या पटलावर ठेवले आहे. निवेदनात पॅकेजनिहाय तक्ता, लांबी किती, काम किती टक्के आणि शेवटच्या रकान्यात पूर्ण व्हायची "सुधारित" तारीख. आधीचं जुनं उत्तर काढून बघितलं तर तक्ता तोच, टक्के थोडे कमी आणि तारीख वेगळी. उशिराची कारणं पण पाठ केल्यासारखी, भूसंपादन, वन खात्याची परवानगी, ठेकेदाराची आर्थिक अडचण.

तर हे विचारून नेमकं होतं काय? तारीख पाळली नाही तर मंत्र्याला कोणी जाब विचारतं का, की उत्तर दिलं की विषय संपला? रस्ते, रेल्वे, वीज मिळून लाखो कोटी जातात, त्यावर संसद लक्ष ठेवते असं नागरिकशास्त्रात शिकलो, ते लक्ष असतं कुठे? राजकीय धुळवड नको प्लीज, खासदार कुठल्या पक्षाचे ते मुद्दाम लिहिलेलं नाही.

खडूस_काका

काही होत नाही. नाथ पै आणि मधू दंडवते राजापुरातून निवडून जायचे तेव्हा लोकसभेत काय बोलले ते वाचायला लोक पेपरची वाट बघायचे. आता रील बघा आणि गप बसा.

तिसरं_बाक

@खडूस_काका, दोघांबद्दल आदर आहेच, पण दंडवते १९७७ ला स्वतः रेल्वेमंत्री झाले तरी कोकण रेल्वे पूर्ण सुरू व्हायला १९९८ उजाडलं. नुसत्या भाषणांनी तेव्हाही रूळ पडत नव्हते हो.

अतारांकित

दिल्लीत एका खासदारांच्या ऑफिसात काही वर्षं काम केलंय, प्रश्न टाइप करून देणं हेच काम होतं, म्हणून जरा लांबण लावतो.

तुम्ही बघितलात तो तारांकित प्रश्न, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणारा. असे लोकसभेत दिवसाला २० लागतात, पंधरा दिवस आधी नोटीस द्यायची आणि मग बॅलटमध्ये नाव निघालं तर नशीब. त्यातले जेमतेम पाच-सहा तोंडी होतात, तेसुद्धा गोंधळ झाला नाही तर. तोंडी झाला तरच पुरवणी प्रश्न विचारता येतो आणि खरी मजा तिथेच असते, कारण लेखी उत्तर खात्याने लिहिलेलं असतं पण पुरवणीला मंत्र्याला स्वतः उभं राहून बोलावं लागतं. बाकीचे सगळे लेखीत जमा, शिवाय अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराचे, दिवसाला २३० असतात ते वेगळेच.

आता तुमचा मुख्य मुद्दा. मंत्र्याने "विचाराधीन आहे", "तपासून बघतो", "माहिती गोळा करून पटलावर ठेवू" असं काही म्हटलं की ते आश्वासन धरलं जातं. त्यासाठी दोन्ही सभागृहांची वेगवेगळी आश्वासन समिती आहे, लोकसभेची तर १९५३ पासून. आश्वासन तीन महिन्यांत पुरं करायचं, नाही झालं तर खात्याने मुदतवाढ मागायची किंवा आश्वासन वगळा म्हणून विनवण्या करायच्या, आणि समिती अधिकाऱ्यांना बोलावून खरडपट्टी काढू शकते. म्हणूनच खात्यातले बाबू उत्तर लिहिताना हे शब्द येणार नाहीत याची फार काळजी घेतात. तक्त्यातली सुधारित तारीख ही बहुतेकदा नुसती माहिती असते, आश्वासन नसतं, त्यामुळे ती हुकली तर कुठल्याच रजिस्टरमध्ये नोंद होत नाही. खासदाराने पुरवणीत "ही तारीख नक्की ना?" एवढं विचारून मंत्र्याकडून शब्द घेतला की गोष्ट वेगळी. पण तेवढ्यात बेल वाजते किंवा आपले साहेब कोकणच्या निसर्गावर बोलत बसतात!

तिसरं_बाक

वरचा प्रतिसाद मस्त. मी भर घालतो, कारण प्रश्नोत्तरं हा दिसणारा भाग झाला, खरं काम स्थायी समित्यांमध्ये चालतं. एकूण २४ आहेत, प्रत्येकीत ३१ खासदार, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. ऊर्जा आणि रेल्वे लोकसभेकडे, परिवहन राज्यसभेकडे. मंत्र्याला सदस्य होता येत नाही, खात्याच्या सचिवाला साक्षीला यावं लागतं, बैठक बंद दाराआड असते आणि पक्षाचा व्हिप चालत नाही, त्यामुळे सत्ताधारी खासदारही तिथे बऱ्यापैकी टोकतात. कॅमेरा नसला की माणसं कामाचं बोलतात असं माझं मत.

बजेटनंतर सुट्टी असते ना, त्यात या समित्या आपापल्या खात्याच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे खात्याने वर्षाच्या खर्चासाठी मागितलेले पैसे, तपासतात आणि अहवाल देतात. कुणी वाचत नाही पण साइटवर फुकट आहेत. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचं कर्ज साडेतीन लाख कोटींच्या आसपास गेलं तेव्हा त्यावर तिथे वारंवार चिंता व्यक्त झाली होती, पुढे सरकारने प्राधिकरणाचं बाजारातून कर्ज घेणं थांबवलं आणि बजेटमधून पैसा द्यायला लागले. एकट्या समितीमुळे झालं असं म्हणणार नाही पण विषय धगधगत ठेवला हे नक्की.

आता वाईट बातमी. हे अहवाल आल्यावर सभागृहात मागण्यांवर चर्चा व्हायला हवी, ती होते मोजक्या खात्यांवर आणि उरलेल्या सगळ्या गिलोटीनला, म्हणजे एका फटक्यात मतदान आणि मंजूर. २०१८ आणि २०२३ मध्ये लोकसभेत एकाही मंत्रालयाच्या मागणीवर चर्चा न होता सगळं पास झालं. आणि शिफारसी सरकारवर बंधनकारक नाहीत, फक्त कार्यवाही काय केली ते कळवायचं, तिथे "नोंद घेतली आहे" लिहिलं की झालं.

गँगमनचा_नातू

रेल्वेचं उदाहरण देतो, आजोबा लाइनवर होते म्हणून जिव्हाळ्याचा विषय. २०१७-१८ पासून राष्ट्रीय रेल संरक्षा कोष काढला, पाच वर्षांत १ लाख कोटी, फक्त सुरक्षेसाठी, म्हणजे रूळ बदलणे, सिग्नल वगैरे. योगायोग बघा, त्याच २०१७ पासून वेगळं रेल्वे बजेट बंद झालं. मग कॅगने, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, गाडी घसरण्याच्या घटनांवर ऑडिट केलं आणि अहवाल डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत ठेवला. रूळ बदलायला पैसे कमी पडतायत, आणि या कोषातून काय घेतलंय तर पायाला मसाज करायची यंत्रं, क्रोकरी, फर्निचर!! अहवाल पटलावर ठेवला, सभागृहात फार काही हललं नाही. २ जून २०२३ ला बालासोरला अपघात झाला, जवळपास तीनशे माणसं गेली, आणि तेव्हा चॅनेलवाल्यांना तो अहवाल सापडला. बालासोरचं कारण सिग्नलच्या कामातला घोळ होता, मसाजचं यंत्र नव्हे, दोन्ही जोडू नका, पण कागद आधीपासून संसदेत पडून होता एवढंच म्हणायचंय.

खडूस_काका

म्हणजे मी तेच म्हणत होतो की.

तिसरं_बाक

काका, नाही हो, कागद आला म्हणून तर आपल्याला मसाजचं यंत्र माहीत झालं. तसंच भारतमाला या केंद्राच्या महामार्ग योजनेचं, ऑगस्ट २०२३ च्या कॅग अहवालात आहे, मंजुरी ३४,८०० किमीला ५ लाख ३५ हजार कोटींची म्हणजे किमीला १५.३७ कोटी, प्रत्यक्षात २६,३१६ किमीची कामं दिली ती ८ लाख ४६ हजार कोटींची, किमीला ३२.१७. पेपरवाल्यांनी मात्र दिल्लीजवळच्या द्वारका एक्स्प्रेसवेचे किमीला २५० कोटी, मंजूर सरासरीच्या कितीतरी पट, एवढंच उचललं. त्यावर मंत्रालयाने खुलासा केला की तो रस्ता बराचसा उन्नत आहे, देशभरच्या सरासरीशी तुलना चूक, आणि ते काही अंशी पटतंही. दुपटीचा आकडा मात्र बाजूलाच राहिला आणि तोच जास्त महत्त्वाचा होता. कॅगचे अहवाल लोकलेखा समितीकडे जातात, २२ खासदार, अध्यक्ष १९६७ पासून प्रथेने विरोधी पक्षाचा. पण अहवाल ढीगभर, समिती त्यातले निवडक घेते.

मीटर_फिरतंय

विजेचं पण लिहा कोणीतरी, नाहीतर मीच लिहितो. खासदाराला वीजबिलावर प्रश्न विचारून काडीचा उपयोग नाही. वीज समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या अखत्यारीत, वितरण राज्याकडे, आणि दर ठरवतो राज्य वीज नियामक आयोग, त्यामुळे दरवाढीला विरोध करायचा तर आयोगाकडे हरकत द्यायची आणि सुनावणीला जायचं. संसदेत काय मिळतं, तर केंद्राच्या योजनेचे आकडे. स्मार्ट मीटरची योजना २०२१ ची, ३ लाख ३ हजार कोटींची, त्याचा राज्यनिहाय तक्ता अतारांकित उत्तरात येतो, किती मंजूर आणि किती बसवले. इकडे विधानसभेत सांगतात एक आणि तिकडच्या तक्त्यात दिसतं दुसरं, दोन्ही शेजारी ठेवून वाचावं. समितीकडे गेल्याने सगळं मार्गी लागतं असंही नाही, २०२२ चं वीज सुधारणा विधेयक ऊर्जा समितीकडे पाठवलं, तोवर लोकसभेची मुदत संपली आणि विधेयक बाराच्या भावात.

लांजेकर, तुमच्या हायवेतही ही गोम आहे. पनवेल ते इंदापूर (रायगडमधलं) महामार्ग प्राधिकरणाकडे, पण इंदापूरच्या खालचं काम केंद्राच्या वतीने राज्याचं सार्वजनिक बांधकाम खातं करतं. म्हणजे दिल्लीत एक बोट मुंबईकडे दाखवतं आणि मुंबईत दुसरं दिल्लीकडे. आमदाराला नागपूर अधिवेशनात लक्षवेधी लावायला सांगा.

लांजेकर_मु_पो_डोंबिवली

बापरे, सगळ्यांना दंडवत. दोन बोटांचं आता कळलं. @अतारांकित, खासदारांच्या पीएंचा नंबर आहे माझ्याकडे, पुढच्या अधिवेशनासाठी प्रश्न द्यायचा तर कसा लिहू? नेहमीचा तक्ता परत नकोय.

अतारांकित

असा लिहा. (क) प्रत्येक पॅकेजची मूळ तारीख काय, आजवर किती मुदतवाढी दिल्या आणि प्रत्येक मुदतवाढ कोणी मंजूर केली; (ख) ठेकेदारावर दंड किती लावला, त्यातला वसूल किती झाला; (ग) सध्याच्या तारखेला काम झालं नाही तर सरकार काय करणार. "विलंबाची कारणे काय" हा तुकडा अजिबात टाकू नका, त्याचं उत्तर लिहायला खात्याला फार आवडतं आणि बाकीचं त्यात वाहून जातं. (ग) ला "योग्य ती कारवाई केली जाईल" असं आलं तर खासदारांनी ते आश्वासन धरायला समितीला पत्र टाकायचं, ते पत्रही तुम्हीच तयार ठेवा, ऑफिसात कोणाला वेळ नसतो. आणि पंधरा दिवसांची नोटीस, विसरू नका.

लांजेकर_मु_पो_डोंबिवली

पाठवला. पीए म्हणाले साहेब लग्नसराईत आहेत, सोमवारनंतर बघू. हे आश्वासन धरायचं का?