मदत हवी आहे: लशीबद्दलच्या अफवेला उत्तर कसं द्यावं?

माझ्या भावजयीने बाळाची गोवर-गालगुंड-रुबेलाची लस लांबणीवर टाकली आहे. कारण, लशीने मूल स्वमग्न (ऑटिस्टिक) होतं असं सांगणारा एक व्हॉइस मेसेज. बोलणारी बाई रडवेल्या आवाजात ‘माझ्या बाळाचं जे झालं ते तुमच्या बाळाचं होऊ नये’ म्हणते. ती कोण, कुठली, काही कळत नाही. तरी तो मेसेज भावजयीच्या मैत्रिणींत फिरतोय आणि आणखी दोघीजणी थांबल्या आहेत. मला याचीच जास्त धास्ती वाटते, कारण गोवर रोखायला साधारण ९५ टक्के लोकांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात.

या अफवेचं मूळ मला माहीत आहे. १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरांचा, लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा, अवघ्या १२ मुलांवरचा लेख आला आणि २०१० मध्ये तो मागे घेतला गेला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या अभ्यासातही असा संबंध आढळला नाही. हे सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, “ताई, आकडे नका सांगू, मला भीती वाटते.” वेडी नाहीये हो ती, घाबरलेली आई आहे.

घरातल्या कुणाचं मन असं वळवलंय का तुम्ही? सुरुवात कशी केलीत? डॉक्टरांशी बोलणं करून द्यावं, की आधी नुसतं ऐकून घ्यावं? आणि मैत्रिणींच्या ग्रुपवर उत्तर द्यावं, की एकेकीशी बोलावं? कृपया अनुभवातून सांगा.