झेड-प्राइम चांगला आला म्हणजे हिट खरा?

पाषाणची_लॅबवाली: काल इथे एकांनी औषधशोधातल्या अ‍ॅसेबद्दल, म्हणजे कंपाउंड तपासायच्या चाचणीबद्दल, लिहिलं, ‘झेड-प्राइम ०.५ च्या वर गेला की अ‍ॅसेवर विश्वास ठेवा, बाकी शंका म्हणजे वेळकाढूपणा.’ वाचून संताप झाला. अहो, १९९९ पासून वापरात असलेला हा चाचणीचा दर्जा सांगणारा आकडा फक्त कंट्रोल्सकडे, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेल्या नमुन्यांकडे, बघतो. पॉझिटिव्ह-निगेटिव्हमध्ये अंतर किती, दोन्हींची रीडिंग्ज किती विखुरलेली, एवढंच. तुमच्या कंपाउंडबद्दल तो चकार शब्द बोलत नाही. माझ्या पहिल्या नोकरीत झेड-प्राइम ०.७ आलेल्या प्लेटवरचा (खळगे असलेल्या चाचणीच्या ताटलीवरचा) हिट, म्हणजे परिणाम दाखवणारं कंपाउंड, आम्ही आठ महिने कवटाळला. शेवटी बफरमध्ये ०.०१ टक्का ट्रायटन हे डिटर्जंट घातलं आणि हिट गायब! कंपाउंडचे सूक्ष्म गोळे होऊन एन्झाइम त्यांना चिकटत होतं. तोवर दोन ज्युनिअर्सची कंत्राटं संपली होती.

हिंजवडीकर: ते वाक्य माझंच. रोज ढीगभर प्लेट्स चालवताना प्रत्येक कंपाउंडची कुंडली कोण मांडणार? आकडा नको, तर प्लेट बाद कशावर करायची?

जुना_केमिस्ट: खरं दुखणं हळदीतलं कर्क्युमिन आहे. स्वतःच चमकतं, गोळे करतं, बफरमध्ये तुटतं, म्हणून जिथे तिथे हिट. २०१७ साली जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्रीत सविस्तर आढावा आला, तरी पोरांना तोच विषय देतात.

सदाशिवपेठी: हळदीला नावं ठेवू नका! माशेलकरांच्या काळात सीएसआयआरने (सरकारी संशोधन परिषदेने) लढून १९९७ मध्ये हळदीवरचं अमेरिकेतलं पेटंट रद्द करायला लावलं ते उगाच? माझी आजी जखमेवर हळदच दाबायची.

जुना_केमिस्ट: पेटंट रद्द झालं ते ‘हे आधीपासून माहीत होतं’ म्हणून. त्यातून कर्क्युमिन प्रत्येक एन्झाइम थांबवतं, हे कुठे सिद्ध झालं? तुमच्या आजीबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. मी प्लेटबद्दल बोलतोय.

सदाशिवपेठी: आवाज चढवू नका. चमकण्याचा मुद्दा मानतो, बाकी नाही.

हिंजवडीकर: हळद पुरे. गेल्या मे महिन्यात आमच्या ३८४ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेट्स नापास होत होत्या. कंट्रोल्स कडेच्या रांगेत, तिथलंच पाणी वाफ होऊन उडत होतं. म्हणजे चांगली प्लेट नापास ठरवून आकडा उलटाही फसवतो, हे मानावं लागतंय. पण तो सोडणार नाही.

पाषाणची_लॅबवाली: सोडा म्हटलंय कुणी? प्लेट त्यावर ठरवा, हिट नको. हिटसाठी ताजी पावडर विरघळवा, डिटर्जंट घालून बघा, मग वेगळ्या तत्त्वावरचा अ‍ॅसे लावा. पहिला चमक मोजत असेल तर दुसरा मास स्पेकवर, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर. तोच अ‍ॅसे दहादा केलात तर तीच चूक दहादा दिसेल.

हिंजवडीकर: बरं. पण आमच्याकडे मास स्पेकला तीन आठवडे वेटिंग आहे, त्याचं काय?