क्लासिकल गिटार: पहिली तार कडेवरून घसरते, नटच्या खाचा सरकवता येतील का?

नवी_बोटं
माझ्या गिटारचा नट (मानेच्या टोकाची, तारा खाचांत धरणारी पट्टी) ५२ एमएम रुंद आहे. पहिली तार कडेपासून जेमतेम ३ एमएमवर येते, त्यामुळे पुल-ऑफ करताना, म्हणजे दाबलेलं बोट तार ओढत उचलताना, ती थेट फ्रेटबोर्डच्या (मानेवरच्या, बोटं दाबायच्या फळीच्या) बाहेर जाते आणि आवाजच मरतो, तिकडे सहाव्या तारेच्या बाजूला साडेपाच एमएम जागा नुसती पडून. शिवाय सी कॉर्ड धरला की दुसऱ्या तारेवरची तर्जनी तिसरीला टेकते, ती वाजतच नाही. आहेत त्याच खाचा कानशीने अर्धा एमएम बाजूला घेतल्या तर चालेल का?

कानस_आणि_हाड
नका, कानस लावूच नका अजून. नवी खाच जुनीत मिसळते, एकच रुंद खड्डा होतो, मग तार त्यात हलत राहते आणि मोकळी वाजवली की झणझणते. आधी नटच सरकवून बघा. बऱ्याच गिटारींवर तो गोंदाच्या एखाद्या थेंबावर नाहीतर नुसत्या तारांच्या दाबावर बसलेला असतो. तारा सैल करून सहावीच्या बाजूला एक एमएम ढकला, सुरात आणा, वाजवा. ३ आणि साडेपाचचे ४ आणि साडेचार होतील.

नवी_बोटं
हलला! पुल-ऑफ आता नीट वाजतात, खूप आभार. पण नट एका बाजूने बाहेर डोकावतोय आणि सी कॉर्डचं दुखणं तसंच आहे. व्हर्नियरने मोजलं तर दुसरी-तिसरीमधली फट ७ भरते, तिसरी-चौथीमधली साडेआठ.

सहावी_तार
मग तिसरीची खाचच चुकीच्या जागी पडलीय. मी तर सरळ हाडाचा नवा नट करेन, जुना जपून ठेवा. हिशोब असा, तुमच्या दोन टोकांच्या तारांचं बाहेरून बाहेर अंतर ४३.५, त्यातून सहाही तारांची जाडी वजा करा, साधारण ५.३, उरले ३८.२, भागिले ५, म्हणजे प्रत्येक फट ७.६ च्या आसपास. फटी सारख्या ठेवायच्या, मध्यापासून मध्य नाही, कारण तिसरी १ एमएम जाड असते नि पहिली ०.७. फरक तसा थोडाच पडतो पण बोटाला कळतो.

खुणा कागदाच्या पट्टीवर काढून ती नटवर चिकटवा. आधी खाचा अगदी उथळ, नुसत्या तार बसण्यापुरत्या, आणि तशाच एक-दोन दिवस वाजवा, कारण उथळ खाच अजून इकडेतिकडे करता येते. मग खोल करताना कानस खुंट्यांच्या बाजूला उतरती धरा, तार फ्रेटबोर्डकडच्या कडेवरूनच सुटली पाहिजे. तिसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे फळीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तार दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर बारीकशी फट दिसतेय तोवरच घासायचं. इथे घाई केलीत की नट वाया गेलाच समजा.

मोकळी_तार
एका खाचेसाठी लगेच नवा नट कशाला? तिसरीची खाच हाडाचा भुगा आणि सुपरग्लू घालून बुजवा, नीट वाळू द्या, मग पाऊण एमएम चौथीकडे नवी पाडा. धातू गुंडाळलेल्या जाड तारा असली भर लवकर खातात, पण तिसरी साधी नायलॉनची आहे, बरेच दिवस टिकेल.

सहावी_तार
हो, हे पटलं. आधी असं करून बघा, जागा हाताला बसली की तीच मापं नव्या नटवर घ्या.

नवी_बोटं
भुगा घालून झालाय, वाळतोय. उद्या खाच पाडतो आणि सी कॉर्ड धरून सांगतो.