डिप्रेशनला 'नैराश्य' म्हणणं बरोबर आहे का?

आईच्या फाइलवर डॉक्टरांनी डिप्रेशन लिहिलं तेव्हा मावशी म्हणाली, अगं नैराश्य कशाचं, सगळं तर व्यवस्थित चाललंय, मुलं मार्गी लागलीत. आणि खरंच आई कधी 'निराश वाटतं' म्हणालीच नाही, चार महिने एवढंच की अंगात त्राण नाही, पाठ धरलीये, पहाटे तीनला जाग आली की परत डोळा लागत नाही, आणि आम्ही आपले थायरॉइड, बी-ट्वेल्व करत बसलो. नैराश्य म्हटलं की लोक लगेच कारण शोधतात. 'उदासीनता' तर नकोच, 'शासन उदासीन आहे' तसं वाटतं. दुसरा कुठला शब्द आहे का?

प्रतिसाद १
उदासीन म्हणजे उत् + आसीन, बाजूला बसलेला, तटस्थ, त्यामुळे तुमचा आक्षेप पटला. मला 'विषाद' जवळचा वाटतो. त्यात सद् धातू आहे, बसणं, खचणं. गीतेचा पहिला अध्याय अर्जुनविषादयोग, आणि त्यात अर्जुन काय म्हणतो बघा, 'सीदन्ति मम गात्राणि', गात्रं गळून चाललीत, तोंडाला कोरड पडलीये. सीदन्ति पण त्याच सद् चं रूप! म्हणजे हा शब्द अंगालाही लागतो, नुसता मनाला नाही. हिंदीतला 'अवसाद' पण त्याच धातूचा, तो परका समजायचं कारण नाही, सहाव्या अध्यायात 'नात्मानमवसादयेत्' आहेच.

प्रतिसाद २
मी समुपदेशन करते म्हणून लिहिते. निदानासाठी दोन आठवडे जवळजवळ रोज एकतर मन खिन्न हवं किंवा कशातच रस नको, आणि जोडीला झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं, अपराधी वाटणं असली लक्षणं, मिळून किमान पाच. म्हणजे नुसता रस गेला तरी चालतं, त्यामुळे 'नैराश्य' खरंच तोकडा पडतो. शिवाय प्रकार किती! डिस्थायमिया सौम्य पण दोन वर्षं नि जास्त चालतो, घरचे म्हणतात स्वभावच तसा. बाळंतिणीला पहिले काही दिवस रडू येतं ते बहुतेकींचं आपोआप जातं, पण दोन आठवडे उलटूनही तसंच असेल तर दाखवायलाच हवं. शाळकरी मुलं रडण्याऐवजी चिडचिड करतात. आणि बायपोलरमध्ये, म्हणजे मन दोन टोकांना जातं त्या आजारात, मधे तेजीचा, अति उत्साहाचा काळ येऊन गेलेला असतो, तो विचारून घ्यावाच लागतो कारण औषधं बदलतात. एक कळकळीने सांगते, कुणी मरणाचं बोललं तर 'काहीतरीच काय' म्हणून उडवून लावू नका, सरळ विचारा, सोबत रहा, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो.

प्रतिसाद ३
आमच्या आजीचा शब्द 'मन विटलंय'. जेवण विटतं तसं मन. रस जाण्यासाठी याहून नेमका शब्द मला तरी माहीत नाही.

मूळ धागाकर्ती
विटणं फार आवडला. काल आईलाच विचारलं, तू काय म्हणशील गं, तर म्हणाली 'गळून गेल्यासारखं'. प्रतिसाद १ मधलं आठवून अंगावर काटा आला. मावशीला फोनवर तेच सांगितलं, नैराश्य वगैरे शब्दच काढला नाही, तर या वेळी कारण विचारलंच नाही तिने, म्हणाली जेवतेय का नीट, मी येते चार दिवस.