गुऱ्हाळाचे रील काढायचेत, ८ हजारांत काय घेऊ?

गूळवाला_करवीर

घरचं गुऱ्हाळ आहे, करवीर तालुक्यात. माल सगळा कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात सौद्याला (लिलावाला) जातो. यंदा थोडे एक किलोचे रवे (गुळाच्या ढेपा) थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला द्यायचेत म्हणून इन्स्टावर व्हिडिओ टाकायला लागलोय. फोन साधा अँड्रॉइड. अडचणी अशा: चुलवाणाचा जाळ फ्रेममध्ये आला की बाकी सगळं काळंकुट्ट. चरक्याच्या (ऊस पिळायच्या यंत्राच्या) आवाजात गुळव्यामामा, म्हणजे आमचे गूळ रांधणारे, काय बोलतात ते कळत नाही. रात्री ट्यूबखाली काढलं की पडद्यावर पट्टे पळतात. मेव्हणे म्हणतात सेकंडहँड डीएसएलआर घे, मित्र म्हणतो रिंग लाईट. हंगाम चालू आहे तोवर सांगा राव.

आबा_शूटिंगवाले

भावा, दोन्ही घेऊ नकोस. लग्नाच्या शूटिंगात माझी हयात गेली. मांडवात लोक कॅमेरा बघून मान देतात, पण रील बघणाऱ्याला तुझा कॅमेरा दिसत नाही. रिंग लाईट समोर बसून बोलणाऱ्यांसाठी. गुऱ्हाळात तो लावलास तर वाफ पांढरी भिंत होऊन पुढं उभी राहील.

वाफेला उजेड मागून पाहिजे. सकाळी ऊन तिरकं असतं तेव्हा शेडची उघडी बाजू काहिलीच्या (रस आटवायच्या कढईच्या) पलीकडं येईल असा उभा राहा, पण ती बाजू फ्रेममध्ये घेऊ नकोस. वाफेमागं शेडचा काळोख येऊ दे. मग वाफेचा एकेक लोट सुटा दिसतो. मामांचा चेहरा काळा पडला तर तुझ्या बाजूनं पांढरं बेडशीट धरायला पोरगं उभं कर. जाळाचं म्हणशील तर जाळ आणि माणूस एका शॉटात घेऊच नकोस. चिपाड (रस काढलेला वाळका ऊस) आत सारतानाचा जाळ वेगळा काढ, पडद्यावर जाळावरच बोट दाबून धर म्हणजे एक्स्पोजर, म्हणजे उजेडाचं माप, लॉक होतं, मग उजेड खाली ओढ. ज्वाळेचा नारिंगी रंग तेव्हाच येतो.

पट्टे विजेमुळं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. फोनच्या कॅमेऱ्यात अँटी-बँडिंग (पट्टे घालवायची सेटिंग) असेल तर ५० वर ठेव. प्रो मोड असेल तर शटर १/५० नाहीतर १/१००. ट्यूबखाली स्लो-मोशनच्या नादाला लागू नकोस.

पैसे घाल आवाजात. वायरवाला कॉलर माईक घे, हजाराच्या आसपास मिळतो. पण हे माईक चारी बाजूंचं ऐकतात, चरका त्यात येणारच. म्हणून माईक तोंडापासून वीतभर. अंतर निम्मं केलंस की बोलणं जवळजवळ दुप्पट जोरात येतं, चरका आहे तेवढाच राहतो. आणि खरं सांगू? चरका बंद असताना बोलतं कर मामांना. रस आटायला दोन-तीन तास जातात, तेवढ्यात एकदा तरी थांबतच असेल की. चरक्याचा आवाज नंतर वेगळा घेऊन खाली बारीक सोडायचा.

मसालेवाली_गंगावेश

आमच्या कांदा-लसूण चटणीच्या रीलना मी माईक घेतलाच नाही. दुसरा जुना फोन सासूबाईंच्या पदराआड, रेकॉर्डिंग चालू. सुरुवातीला दोन्ही फोनसमोर एक टाळी वाजवायची, एडिटिंगला टाळीवर टाळी जुळवली की झालं. ओळी मात्र खाली लिहाच, बरीच माणसं आवाज बंद करूनच बघतात. आणि वाफेत फोन एकदम नेऊ नका, काच धुरकट होते. थोडा वेळ शेडमध्ये ठेवून मग काढा.

गूळवाला_करवीर

ताई, पदराची युक्ती मामांच्या बंडीच्या खिशात चालेल! आबा, पाक वाफ्यात (गार करायच्या हौदात) ओततात तो शॉट वरून घ्यावा म्हणतोय. काठीला फोन बांधून?

आबा_शूटिंगवाले

नाही. काहिलीवर फोन नको, माणूस तर नकोच. उतरायच्या वेळी पाक ११५ ते ११८ अंशांवर असतो, अंगावर उडाला तर चिकटून बसतो. बाजूला स्टँड लाव, वाफ्याच्या कडेच्या उंचीवर. आणि जाळाजवळ फोन ठेवून गप्पा मारू नकोस, तापला की रेकॉर्डिंग बंद पडतं.

माझं ऐकशील तर ओतण्याआधीचं बघ. मामा पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळतात, ती जमली की काहील उतरवा म्हणतात. फक्त बोटं, पाणी, गोळी. रीलची सुरुवात तिथनं कर. कुठला रंग, कुठला वास, कधी उतरवायचं, हे त्या बोटांत आहे, डीएसएलआरमध्ये नाही.

गूळवाला_करवीर

घेतो. माईक आणि स्टँड राजारामपुरीत बघतो. माझ्या फोनला गोल पिनचं भोक नाही, नुसतं सी-टाईप आहे. चालेल?

आबा_शूटिंगवाले

कन्व्हर्टर लागेल. स्वस्तातले काही फोनला नुसते नावाला लागतात, डीएसीवाला, म्हणजे आत आवाजाची चिप असलेला, माग. माईकच्या पिनवर तीन काळ्या रेघा बघ, दोन असतील तर तो फोनचा नव्हे. दुकानातच दोन वाक्यं रेकॉर्ड कर, ऐक, मग पैसे दे.